टर्बोचा एक्झॉस्ट वेल्डच्या शेजारीच पुन्हा पुन्हा का तडकतो?

आमचा गाळा रबाळे एमआयडीसीत. डेअरी आणि औषध कारखान्यांच्या स्टेनलेस पाइपलाइनी करायच्या, हे पोटापाण्याचं काम. घरी विमान बांधणारा माणूस म्हटलं की मला कांदिवलीचे कॅप्टन अमोल यादव तेवढे आठवायचे. त्यांनी गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं होतं, तेही पेपरात वाचलेलं. त्यामुळे ऐरोलीचे एक निवृत्त इंजिनिअर काका स्कूटरवर गोणपाटात गुंडाळलेला मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, घेऊन आले आणि “विमानाचा आहे, जरा जपून” म्हणाले, तेव्हा आमचे वेल्डर मामा माझ्याकडे बघून मिशीत हसले.

पुढे तोच मॅनिफोल्ड तीनदा आमच्या हाताखालून गेला. पहिल्या दोन खेपांना आम्ही जे केलं ते चुकीचं होतं, आणि दुसऱ्या खेपेला तर आम्ही प्रकरण आणखी बिघडवलं. ज्यांच्या टर्बोवाल्या (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) विमानाला हाच त्रास आहे त्यांचे पैसे आणि उड्डाणाचे तास वाचावेत, म्हणून झालं तसं लिहितोय.

तक्रार

विमान दोन सीटचं. इंजिन मूळचं गाडीचं, चार सिलिंडरचं बॉक्सर, म्हणजे समोरासमोर आडव्या सिलिंडरांचं. टर्बो काकांनी आणि त्यांच्या मित्राने मिळून बसवलेला. चारही सिलिंडरचे पाइप एकत्र येऊन टर्बोच्या फ्लँजला मिळतात, तिथून दोन बोटं अलीकडे, सगळ्यात लांबच्या पाइपला, वेल्डच्या अगदी कडेला केसासारखी चीर. पहिली चीर १८ तासांच्या उड्डाणानंतर दिसली. वेल्ड मारून दिला, तो ११ तास टिकला. मग आम्ही जाड पाइप लावला, तो ६ तासांत गेला.

हे आकडे नीट बघा. आयुष्य प्रत्येक खेपेला कमी होतंय. तेव्हाच आमच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. वेल्ड कच्चा असता तर तडा वेल्डमध्ये गेला असता. इथे वेल्ड शाबूत आणि त्याला लागून असलेला पाइप तडकलेला. म्हणजे पाइपला कुणीतरी ओढतंय किंवा वाकवतंय, आणि जिथे तो सगळ्यात ताठ आहे तिथे तो हार मानतोय.

काका उड्डाणातली आणखी एक गोष्ट सांगायचे, ती आम्ही पहिल्यांदा कानाआड केली. जमिनीवर इंजिन चालवून बघितलं की सगळं ठीक. ९,००० फुटांच्या वर गेलं की मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या दोन इंचांनी खाली यायचं. त्यांना वाटलं टर्बो गेला. नवीन टर्बोची किंमतही काढून ठेवली होती.

जमिनीवर का दिसत नाही

टर्बोची टर्बाइन एक्झॉस्टच्या जोरावर फिरते. किती वायू टर्बाइनमधून न्यायचा आणि किती बाजूने सोडून द्यायचा, हे वेस्टगेटची झडप ठरवते. खाली हवा दाट असते, टर्बोला फार काम नसतं, म्हणून झडप बरीचशी उघडी असते. चिरेतून थोडा वायू गळला तर कंट्रोल झडप जरा आणखी मिटून घेतो आणि गेजवर आकडा तोच राहतो. गळती झाकली जाते.

वर गेल्यावर हवेचा दाब उतरतो. समुद्रसपाटीला २९.९२ इंच पारा असतो, तो १०,००० फुटांवर साडेवीसच्या आसपास येतो. आता झडप पूर्ण मिटलेली, राखीव काही उरलेलं नाही. शिवाय पाइपच्या आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक वाढलेला, त्यामुळे त्याच चिरेतून जास्त वायू निसटतो. टर्बाइनला जोर पुरत नाही आणि प्रेशर पडतं. तेव्हा ज्या उंचीपर्यंत तुमचं विमान पूर्वी पूर्ण प्रेशर धरत होतं ती उंची खाली यायला लागली असेल, तर टर्बो विकत घ्यायच्या आधी टर्बाइनच्या अलीकडचे पाइप तपासा. इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या, बाजूचा एखादा रबरी होज सैल असला तरी असंच होतं. पण तिथे काजळी दिसत नाही, एक्झॉस्टच्या गळतीपाशी बहुधा राखाडी किंवा काळा ओघळ दिसतो.

गळती शोधायला सोपी युक्ती. इंजिन पूर्ण गार असताना व्हॅक्युम क्लीनरचा होज फुंकर मारणाऱ्या तोंडाला लावा, दुसरं टोक टेलपाइपला, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या शेवटच्या नळीला, कापडाने सैलसर बसवा, आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. जिथे फेस फुगतो तिथे चीर. ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह त्या वेळी उघडे असतील त्यातून इनटेककडे सुस्कारा ऐकू येईल, त्याने घाबरू नका. मात्र कंप्रेसरची सात बारची लाइन अजिबात लावू नका. आमच्या पोऱ्याने ती हौसेने आणली होती. टर्बाइनला तेल नसताना ती गरागरा फिरवायची नसते.

आमच्या चुका

पहिली चूक, चिरेवर वेल्ड. डेअरीच्या पाइपला गळती लागली की आम्ही हेच करतो आणि ते चालतं, कारण तो पाइप जागचा हलत नाही आणि फार तापतही नाही.

दुसरी चूक जास्त शिकवणारी. मामा म्हणाले, “पाइप पातळ आहे, दीड मिलीचा टाकू आणि वरून पट्टी मारू.” मूळचा पाइप १.२ मिलिमीटरचा होता. मलाही पटलं. जाड म्हणजे मजबूत, हे आपल्या हाडात बसलेलं. वर मी हुशारी केली, ३०४ जातीच्या स्टेनलेसऐवजी ३१६ एल वापरला, कारण औषध कंपन्यांत तोच उंची माल समजला जातो. ३१६ एल खाऱ्या पाण्याला आणि क्लोराइडला चांगला. लाल होईपर्यंत तापणाऱ्या पाइपला त्याचा तो गुण काय कामाचा? आणि पट्टी मारल्यामुळे पाइप ताठ झाला. ओढ तेवढीच, पण वाकून ती सोसायला जागा उरली नाही. सहा तास.

आता ओढ किती, ते बघू. हे गणित मी काकांच्याच वहीत बघितलं आणि मग मला पहिल्या दोन खेपांची लाज वाटली. स्टेनलेस तापलं की दर अंशाला मीटरमागे साधारण १८ मायक्रॉन वाढतं. लांबचा पाइप ५५ सेंटिमीटर, जवळचा २५. धातू ७०० अंशांनी तापला असं धरा. लांबचा पाइप जवळपास ७ मिलिमीटर वाढतो, जवळचा ३. दोघांची दोन्ही टोकं मात्र पक्की, एक सिलिंडर हेडला आणि एक कलेक्टरला, म्हणजे चारही पाइप एकत्र येतात तिथे. खालचा अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक एवढा तापतच नाही, त्याची वाढ मिलिमीटरच्या आत. मग हा चार मिलिमीटरचा फरक कुठे जाणार? दर वेळी इंजिन सुरू केलं की तो कलेक्टरच्या वेल्डपाशी पिरगळून बसतो, आणि बंद केलं की उलटा. लोखंडी तार पुढेमागे वाकवून आपण तोडतो, तसंच.

तिसऱ्या खेपेला

तिसऱ्या वेळी मी सांगितलं, मॅनिफोल्ड सुटा आणू नका, मी येतो. विमान घाट ओलांडून दीड तासावरच्या एका धावपट्टीवर शेडमध्ये उभं असतं. रविवारी सकाळी मी आणि मामा टॉर्च, आरसा, दहापटीचं भिंग आणि स्पॅनर घेऊन गेलो. काकांनी काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढलं. काहीही धुवायच्या, पुसायच्या आधी मी सगळीकडचे फोटो काढले. काजळीचे ओघळ पुसले गेले की अर्धी साक्ष जाते.

मग टर्बोच्या मागचा व्ही-बँड क्लॅम्प, म्हणजे टेलपाइप टर्बोला आवळून धरणारी कडी, सोडला. टेलपाइप टुणकन बाजूला सरकला. मामांनी मोजपट्टी लावली, सहा मिलिमीटर. म्हणजे बसवताना टेलपाइप जागेवर येत नव्हता, तो ओढून क्लॅम्पमध्ये कोंबलेला होता. इंजिन थंड असतानाच सगळी माळ ताणलेली. ही चाचणी फुकटची आहे आणि तडा शोधायच्या आधी करायची आहे. क्लॅम्प सोडल्यावर पाइप जागचा हलता कामा नये.

काका म्हणाले, “अरे, पण टर्बोला ब्रॅकेट आहे की!” ब्रॅकेट होता, भक्कम होता, पण तो इंजिन माउंटच्या नळ्यांना बोल्ट केलेला होता, म्हणजे विमानाच्या सांगाड्याला. इंजिन मात्र रबरी बुशांवर लटकलेलं. मी मोबाइल स्लो मोशनला लावून काकांना इंजिन सुरू करून बंद करायला सांगितलं. बंद होताना इंजिनाने जो आचका दिला तो व्हिडिओत बोटभर दिसला. टर्बो जागच्या जागी, जणू भिंतीला खिळला आहे. इंजिन नाचतंय, टर्बो नाचत नाही, मधे आपला पाइप. मामा व्हिडिओ तीनदा बघून म्हणाले, “दोन बैल दोन दिशांना, आणि आपण जू बदलतोय.”

टर्बो, क्लॅम्प आणि टेलपाइप मिळून वजन सात किलोच्या वर भरलं. एवढं ओझं पाइपवर टांगायचं नाही, हे काकांना माहीत होतं आणि म्हणूनच ब्रॅकेट केला होता. फक्त आधार ज्याच्याबरोबर हलायचं त्याच्यावर हवा, म्हणजे इंजिनाच्या क्रँककेसवर, त्याच्या मुख्य कवचावर. टर्बोच्या प्रत्येक विमानात सगळ्यात आधी हेच बघा: टर्बोचा ब्रॅकेट कुणाला धरून आहे?

आणखी एक सापडलं. काकांनी मोटारसायकलवाल्यांसारखी पाइपभर हीट रॅपची पट्टी गुंडाळली होती, काउलिंग तापू नये म्हणून. ती सोडली तर आतला पाइप खवल्याखवल्यांचा. पट्टीमुळे उष्णता बाहेर पडत नाही, म्हणजे धातूच जास्त तापतो. आणि ३०४ स्टेनलेस ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात फार वेळ राहिलं की त्यातलं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि कणांच्या कडा कमजोर पडतात. गाडीत हे चालून जातं, कारण ठाणे-बेलापूर रोडवर कुणी तासभर पूर्ण ताकदीत गाडी चालवत नाही. विमान मात्र तासन्‌तास ७५ टक्के ताकदीवर चालतं. गाडीतून उचललेल्या एक्झॉस्टच्या कल्पना बहुतेक इथेच पडतात.

आता काय केलंय

पाइप ३२१ स्टेनलेसचे. यात टायटॅनियम असतं, ते कार्बनला आधीच धरून ठेवतं. जाडी पुन्हा १.२. फिलर, म्हणजे वेल्डमध्ये भरायची तार, मात्र ३४७ ची, कारण टायटॅनियम आर्कमधून नीट पलीकडे जात नाही. आतून आर्गनचं पर्जिंग पूर्ण, म्हणजे वेल्ड करताना पाइपमधली हवा काढून आर्गन भरलेला. औषधांच्या पाइपला आम्ही ते डोळे मिटून करतो, पण पहिल्या दोन वेळी ‘एक्झॉस्टला कशाला’ म्हणून गॅस वाचवला होता. पाइप कापून बघितला तर वेल्डची आतली मुळं साखरेच्या खड्यांसारखी जळालेली. असले खडे निखळले तर थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातात.

दोन्ही लांब पाइपना स्लिप जॉइंट दिले, म्हणजे एक नळी दुसरीत सरकते आणि वाढायला जागा मिळते. त्याऐवजी बेलो, म्हणजे घड्या घातलेल्या लवचिक नळ्या, लावावेत का, यावर काकांशी बराच वाद झाला. बेलो हवाबंद असतात हे खरं, पण त्याची पातळ घडी तुटली तर तुकडा टर्बाइनमध्ये जाणार. टर्बाइनच्या अलीकडे मला ते नको वाटलं. स्लिप जॉइंट गार असताना थोडा गळतो, तापला की नळी फुगून बसते. पहिल्या मिनिटाची फिकट काजळी मला चालते. जोड जाम होऊ नये म्हणून त्याला निकेलवालं अँटीसीझ लावलंय. कुणी सांगेल म्हणून एक्झॉस्ट पुट्टी किंवा सिलेन्सर पेस्ट लावू नका. ती वाळून खडा होते, आणि पुढे पाती आहेतच.

ब्रॅकेट क्रँककेसवरून. टेलपाइपला स्प्रिंगवाला बॉल जॉइंट दिला. ही कल्पना रोटॅक्स कंपनीच्या विमान इंजिनांवरून उचलली. त्यांच्या ९१४ टर्बोत एक्झॉस्ट वायूची कमाल मर्यादा ९५० अंश आहे आणि टेकऑफच्या ११५ अश्वशक्तीला पाच मिनिटांची हद्द घातलेली आहे. आपल्या गावठी जोडणीला अशी हद्द काकांनी स्वतःच ठरवून घेतली, ते फार बरं झालं. हीट रॅप काढून टाकला, जागोजागी हवेची फट सोडून पातळ पत्र्याची ढाल लावली.

व्ही-बँड क्लॅम्पबद्दल वेगळं सांगायला हवं. काकांचा क्लॅम्प स्पॉट वेल्डने जोडलेल्या तुकड्यांचा होता. भिंगाखाली दोन स्पॉटच्या मधे बारीक चीर दिसली, नुसत्या डोळ्यांना काही नाही. हा क्लॅम्प उड्डाणात सुटला तर टेलपाइप गळून पडतो आणि तप्त झोत फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) आजूबाजूला, इंधनाच्या होजवर. अशा आगींमुळेच अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, २०२३ मध्ये टर्बोच्या पिस्टन इंजिनांवरच्या स्पॉट वेल्डच्या अनेक तुकड्यांच्या क्लॅम्पना ५०० तासांचं आयुष्य ठरवून दिलं. तो आदेश प्रमाणित विमानांसाठी आहे, घरी बांधलेल्या विमानाला कायद्याने लागू नसेल. पण आम्ही तो क्लॅम्प सरळ भंगारात टाकला. नवा बसवताना नट एकदम आवळायचा नाही. थोडा आवळा, भोवताली लाकडी हातोडीने टकटक करून बसू द्या, पुन्हा आवळा. सेल्फ-लॉकिंग नट दुसऱ्यांदा वापरायचा नाही.

वर्कशॉपच्या दोन सवयी मोडाव्या लागल्या. मामा पाइपवर कापायची खूण पेन्सिलीने करायचे. एफएएच्या दुरुस्तीच्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट नाकारलंय, कारण तापल्यावर पेन्सिलीतला कार्बन धातूत शिरतो आणि तिथून तडा जातो. आता खडू. दुसरी, पोऱ्या नळ्या जागेवर धरायला गॅल्व्हनाइज्ड तार गुंडाळायचा. तिच्यावरचं जस्त वितळलं की तापलेल्या स्टेनलेसला चिरा पाडतं. तारेचं भेंडोळं मी स्वतः शेजारच्या गाळ्यात देऊन आलो.

चीर दिसल्यावर

उडू नका. ‘एक फेरी घरापर्यंत’ सुद्धा नको. वेल्डिंगवाला म्हणून मला हे सांगायचा अधिकार कमी आहे, म्हणून शेवटची तपासणी आणि सही परवानाधारक एएमईची, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचीच घ्या. काकांनी तेच केलं. टर्बाइनच्या अलीकडच्या गळतीत ताकद जाते, पलीकडच्या गळतीत आगीची भीती, आणि दोन्हींत कार्बन मोनॉक्साइड. आपल्याकडे केबिन हीटर बहुधा नसतो म्हणून लोक निर्धास्त असतात. पण केबलसाठी फायरवॉलला पाडलेली भोकं असतातच. केबिनच्या हवेत तो वायू वीस हजारांत एक भाग, म्हणजे ५० पीपीएम, याच्या वर नको, असा जुना दंडक आहे. रंग बदलणाऱ्या ठिपक्याच्या कार्डावर विसंबू नका, आकडा दाखवणारं यंत्र घ्या. काका एकदा उतरल्यावर म्हणाले होते, डोकं जड झालंय, चहा झाला नाही सकाळपासून. त्यानंतर त्यांनी यंत्र घेतलं आणि आम्ही फायरवॉलची दोन भोकं बुजवली. चहाचा प्रश्न नव्हता.

उतरल्यावर इंजिन लगेच बंद न करता टर्बो निवेपर्यंत आयडलवर ठेवा. काका पाच मिनिटं ठेवतात. नाहीतर बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतो आणि पुढच्या वेळी तुम्ही एक्झॉस्टला दोष देत बसता.

आजवर ४७ तास झाले, कलेक्टरला चीर नाही. दर दहा तासांनी काउलिंग काढून काका आरशाने बघतात आणि फोटो पाठवतात. ३१ व्या तासाला बॉल जॉइंटची एक स्प्रिंग तुटली, ती आमच्या नव्या कामातलीच. वेढे कंपनाने थरथरून तुटली होती. आता स्प्रिंगांच्या पोटात उष्णता सोसणारं लाल सिलिकॉन भरलंय आणि तुटली तर पडू नये म्हणून मधून स्टेनलेसची तार ओवली आहे. मामा म्हणतात जाड स्प्रिंग टाकू. मी म्हटलं, जाडीचा विषय काढायचा नाही.